अर्धा पत्रा, अर्धी कौलं

“त्याला सांगा रे कुणीतरी, ट्रक मागं घे म्हणावं! आम्ही आधी आलोय!”

मी आमच्या ट्रकच्या टपावर उभा राहून बोंबलत होतो. समोर दुसरा ट्रक आडवा घातलेला, आणि त्याच्या टपावर दिनकर सरनाईक.

“त्याला सांगा,” दिनकर आपल्या पोरांकडं बघत गरजला, “आधी येऊन काय उपयोग? होडीवाल्याला आम्ही कालच फोन केलाय म्हणावं!”

खाली खाडीच्या धक्क्यावर होडी एकच. होडीवाला बिचारा एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा दिनकरकडं. शेवटी तो वैतागला. “दोगांकय एकमेकाचा ऐकाक येता मां? मगे तिसऱ्याक कित्याक सांगतास?”

त्याला काय सांगणार? कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे कळणं अवघड आहे. मी जोतिराम इंगवले, पिंपळपार तालमीचा. दिनकर दगडी हौद तालमीचा. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. गणपती, महापूर, फुटबॉल, लग्न, मयत, सगळं तालमीतूनच चालतं. आमच्या दोन तालमींच्या मधे एक गल्ली होती आणि एक मॅच होती. अकरा वर्षांपूर्वीच्या फायनलला दिनकरनं मारलेला बॉल आडव्या दांडीला लागून खाली पडला. तो म्हणतो, रेषेच्या आत पडला. मी म्हणतो, बाहेर. आणि गोलकीपर मी होतो. मला नाही दिसणार तर काय पेठेतल्या म्हशींना दिसणार? पंचानं गोल दिला नाही, आम्ही जिंकलो, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. त्याआधी आम्ही एका ताटात जेवायचो. आता काही सांगायचं झालं तर तिसऱ्याच्या तोंडून सांगत होतो.

आणि असे आम्ही दोघं त्या सकाळी एकाच बेटाला मदत करायला आलो होतो. मे महिन्यात वादळ झालं आणि चार दिवसांनी मला आनंदीमावशीचा फोन आला. आनंदीबाय तांडेल. आमच्या बाजारात ती कित्येक वर्षं सुकट आणि खारे बांगडे विकायला बसायची. बसायची जागा दोन्ही तालमींच्या मधल्या कोपऱ्यावर, त्यामुळं दोन्हीकडची घरं तिची गिऱ्हाईकं.

“इंगवल्या,” ती म्हणाली, “वादळान उंडीबेटार एक घर शाबूत ठेवक नाय. हौदवाले येतत म्हणतत. पण दिनकर म्हणता, पिंपळपारवाल्यांका बोलवू नको. तेंका गणपतीत नाचण्यापलीकडे कायएक येणा नाय.”

झालं! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! माझं फॅब्रिकेशनचं दुकान. पत्रा, लोखंड हे माझं रोजचं काम, आणि हा मला नाचण्यापलीकडं काही येत नाही म्हणतो? संध्याकाळी तालीम बोलावली. पोरांना एवढंच सांगितलं की हौदवाले आपल्याला काय म्हणालेत. पत्रे, जनरेटर, तांदूळ, कांदा-लसूण चटणीचा डबा आणि आमच्या तालमीतल्या चंदरची हलगी ट्रकात घालून आम्ही घाट उतरलो.

शेवटी होडीवाल्यानंच तोडगा काढला. एक खेप आमची, एक त्यांची. पहिल्या खेपेत मी चढलो तसा दिनकरही चढला. होडीच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला तो. खाडीतून माडांच्या झावळ्या, कुणाचं तरी दार, कुणाची तरी टोपली वाहत येत होती.

बेटावर आनंदीमावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं आम्हा दोघांना एकत्र बघितलं. “इलास? बरा झाला,” एवढंच म्हणाली आणि चालायला लागली.

बेटाला दोन वाड्या. चढावर वरची, उतारावर खालची, आणि मधोमध एका उंचवट्यावर मावशीचं घर. घर म्हणजे चार भिंती आणि मधला मोभ, ज्यावर सगळं छप्पर पेलतं तो लांबच लांब वासा. वादळ छप्पर घेऊन गेलं होतं पण मोभ हलला नव्हता. त्यावर आणि भिंतींच्या डोक्यावर तिनं झावळ्या टाकून ठेवल्या होत्या.

“तालुक्याचे साहेब सांगान गेलेत,” ती म्हणाली. “मिरगाचो पावस लागलो की होडी बंद. तेच्याआधी जेच्या घरार छप्पर नाय, तेनी पावसाळोभर पलीकडच्या शाळेत रवाचा. न्हेवक होडये येतले.”

“मग जायचं की मावशी चार महिने,” आमचा चंदर म्हणाला. “जिवापेक्षा घर मोठं हाय व्हय?”

मावशीनं त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात भिंतीवर ठेवला. “ही भिंत कसली?”

“मातीची.”

“ही चार म्हयने पावसात उघडी रवली तर काय उरतला?”

उत्तर चंदरच्या हाताला लागलं होतं. आदल्या आठवड्यात वळवाच्या एकदोन सरी येऊन गेल्या होत्या आणि भिंतीचा एक कोपरा आत्ताच बोटानं निघत होता.

“चिखल,” मावशी म्हणाली. “मगे परत येवन मी चिखलात रवू? घोवाक दर्यान नेल्यान. झिलाक मुंबैन नेल्यान. माका ह्या घर तेवडा रवला. मी हयसून जावचंय नाय.”

नवऱ्याचं, मुलाचं हे ती रडून बोलली नाही. बाजारात सुकटीचा भाव सांगावा तसं सांगितलं. पण तिचा हात अजून भिंतीवरच होता.

“आधी तुझंच घर घेतो मावशी,” मी म्हणालो.

“आमी घेतो म्हणून त्याला सांगा,” दिनकर म्हणाला.

“माझा शेवटाक!” ती ओरडली. “आधी लोकांची. पोराबाळांची घरा आसत. वरची वाडी पिंपळपारवाल्यांका, खालची हौदवाल्यांका. बघया कोण आदी संपयता.”

शेवटचं वाक्य बोलून ती मासळी साफ करायला बसली. आम्हाला काय, तेवढंच पुरे होतं. आम्ही इरेला पेटलो.

काय ते दिवस! आजही आठवलं की हाताला मुंग्या येतात. आम्ही पत्रावाले आणि ते कौलवाले, कारण दिनकरची लाकडाची वखार आणि त्याच्या मेव्हण्याची कौलांची. होडी त्यांची कौलं घेऊन लागली की सगळी खालची वाडी धक्क्यापासून घरापर्यंत रांग करायची. म्हातारे, बाया, नव्या नवऱ्या, सगळ्यांच्या हातातून कौल पुढं सरकायचं आणि वर चढलेला गडी ते झेलून रिपेवर, कौलं पेलणाऱ्या आडव्या पट्टीवर, बसवायचा. आमच्याकडं आठ-आठ जण एक पत्रा डोक्यावर घेऊन चढण चढायचे. वारं आलं की पत्रा माणसांना घेऊन उडतोय की काय असं वाटायचं, आणि वाडीतल्या बाया खालून ओरडायच्या, “धरा रे! सोडू नको रे!”

आमचं एक घर झालं की चंदर छपरावर चढून हलगी कडाडवायचा. ती ऐकून हौदवाल्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग त्यांनी कुठून तरी देवळातला शंख पैदा केला. हलगी वाजली की लगोलग खालून शंख. दोन दिवसांत बेटाचीही दोन बेटं झाली. वरच्या वाडीची म्हातारी आमच्या पोरांना कोकम सरबत द्यायची आणि खालच्या वाडीत दिलेल्या आपल्या सख्ख्या लेकीला विचारायची, “तुमची कौला अजून संपाक नाय गे?”

“त्याला सांगा,” दिनकर खालून हाक द्यायचा, “पत्र्याखाली माणसं भाकरीगत भाजणार म्हणावं!”

“त्याला सांगा,” मी वरून, “त्याची कौलं माकडं एका उडीत मोकळी करतील म्हणावं!”

हाताला फोड आले, फुटले, त्यावर परत आले. घरी चार दिवस सांगून आलो होतो. आठवडा उलटला तशी बायकोनं फोनवर विचारलं, “अहो, दुकान उघडायचं का विकायचं?” मी म्हटलं, “हौदवाल्यांची किती घरं झाली ते तुला ठाऊक आहे का?” तिनं फोन ठेवला.

आणि मग शिडीवरून ठिणगी पडली. भर दुपारी मावशीच्या अंगणातल्या उंडीच्या झाडाखाली दोन्हीकडची पंगत बसली होती, अर्थात एकमेकांकडं पाठ करून. आमची शिडी हौदवाल्यांनी नेली होती. “त्याला सांगा, शिडी आणून दे,” मी म्हणालो. “त्याला सांगा, नावं घातलीत का शिडीवर,” तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं. भाताचं ताट खाली ठेवून मी उठलो.

“दिनकऱ्या! सुरुवात तू केलीस! पिंपळपारवाल्यांना नाचण्यापलीकडं काय येत नाही म्हणून मावशीला तू सांगितलंस!”

अकरा वर्षांनी सरळ त्याचं नाव घेतलं होतं. तो एवढा गांगरला की त्यानंही सरळ मलाच उत्तर दिलं.

“मी? मी कवा म्हणालो? तूच मावशीला म्हणालास न्हवं, हौदवाल्यांना बेटावर आणलं तर आधी जेवायला काय हाय ते विचारतील म्हणून?”

“मी असलं काय बोललो नाही!”

“मी पण नाही!”

आम्ही दोघांनी सावकाश मान वळवली. मावशी पाटावर बसून बांगड्याची खवलं काढत होती. तिनं मान वर केली नाही.

“होय,” ती म्हणाली. “मी खोटा बोललंय. दोगांकय.”

“मावशी!” दिनकर ओरडला. “असं का केलंस?”

आता तिनं कोयती खाली ठेवली. “मदत करूक येतत ते चार दीस रवतत, फोटो काढतत नि जातत. मी बघितलंय. हेच्याआधीच्या वादळाक बघितलंय. पण जे भांडूक येतत ते जिकल्याबिगर हलणत नाय.” मग जरा हसली. “नि तुमच्यासारके भांडकुदळ मी जल्मात बघूक नाय.”

दिनकरच्या पोटातून हसू फुटलं. त्याचं ते हसणं मला पाठ होतं, आधी शिट्टीसारखं बारीक आणि मग गदागदा. मलाही आवरेना. म्हातारीनं आम्हाला दोघांना बैलासारखं जुंपलं होतं आणि आम्ही शिंगं उगारत नांगर ओढत होतो! मी पुढं झालो, तोही झाला, आणि भाताच्या हातानंच आम्ही गळामिठी घातली. पोरं बोंबलायला लागली. चंदरची हलगी आणि त्यांचा शंख पहिल्यांदा एकत्र वाजला. मला तर रडूच आलं, खोटं कशाला सांगू? त्या अकरा वर्षांत त्या माणसाच्या लेकीचं लग्न झालं आणि मी जेवायलाही गेलो नव्हतो.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण आमचं नशीब तसलं सरळ नव्हतं, आणि बेटाचं तर नव्हतंच.

कारण दुसऱ्या दिवसापासून काम बसलं. अक्षरशः बसलं. वर चढायचं तर, “आधी तुम्ही.” “छे छे, तुम्ही पाव्हणं, मान तुमचा.” शिडी आणायला गेलेला गडी हौदवाल्यांकडं चहा घेऊन तासाभरानं यायचा. त्यांचे सुतार आमच्याकडं आणि आमचे वेल्डर त्यांच्याकडं, आणि सगळे जुन्या मॅचेस सांगत बसलेले. मी आणि दिनकर तर उंडीखालून हलेनाच. कोणाच्या पोराचं काय चाललंय, कोण वारलं, कुणाला साखर झाली, अकरा वर्षांचं साठलेलं बोलत होतो. पुढच्या गणपतीला दोन्ही तालमींची एकच मिरवणूक काढायची असंही ठरलं. मधेच कुणी तरी विचारायचं, “दादा, खालचं ते घर?” की आम्ही दोघं एका सुरात, “हुईल की रं उद्या!”

आठ घरं राहिली होती आणि नववं मावशीचं. समुद्राकडं ढगांची भिंत उभी राहायला लागली होती. होडीवाला रोज सांगत होता की खाडीच्या तोंडाला लाटा वाढल्यात. मावशी आमच्याकडं बघायची, ढगांकडं बघायची, आणि ओठ आवळून आत जायची.

अशाच एका दुपारी ती आमच्यापुढं येऊन बसली. पदरानं घाम पुसला.

“रे बाबानू,” तिनं एकदम गरीब आवाजात विचारलं, “मी बाजारात वर्षानुवर्षा ऐकलंय, पण माका काय कळाक नाय. त्या फायनलीत बॉल पडल्लो तो रेषेच्या आत की भायर? गोल झालो काय नाय?”

मला कळलं ती काय करतेय. दिनकरलाही कळलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. ठरवलं असतं तर दोघांनी हसून सोडून देता आलं असतं.

“जाऊ दे की मावशी, जुनं झालं ते,” दिनकर म्हणाला. “आत पडला असला तरी आता काय?”

“असला तरी म्हणजे?” मी म्हणालो. “पडलाच नव्हता आत.”

“बरं, राहू दे.”

“राहू दे काय? तू असं म्हणालाईस जसं काय तू मला माफ करालाईस!”

“मग? केलंच की माफ! अकरा वर्षांनी मी मोठ्या मनानं...”

“मोठं मन? लेका, बॉल टीचभर बाहेर पडलावता!”

“तुझे डोळे मिटले होते जोत्या! बॉल आला की तू कायम डोळे मिटायचास!”

असं कुणी गोलकीपरला म्हणू नये. मी उठलो, तो उठला. पोरं धावत आली आणि मिटवायच्या ऐवजी त्यांनीही तोंडं उघडली. “त्याला सांगा,” मी कडाडलो, “आमची घरं आम्ही आजच्या आज पुरी करणार!” “त्याला सांगा, आमची त्याच्याआधी होणार!” आणि दोन्ही फौजा दोन वाड्यांना धावल्या. मी वळून बघितलं तर मावशी तिथंच बसली होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. पळता पळता मलाही हसू येत होतं आणि राग तर असा होता की हातोड्याचा एकेक घाव खिळा पार करत होता. पूर्वीचा जोर काहीच नव्हे, असं काम त्या दीड दिवसात झालं! हलगी, शंख, हलगी, शंख. शेवटी आमची वाडी पुरी झाल्याची हलगी आणि त्यांचा शंख बरोबरच वाजले, आणि कोण आधी यावर पुन्हा जुंपली.

म्हणजे फैसला मावशीच्या घरावर. दोघंही ते सोडेनात. ती म्हणाली, “अर्धा तुमी, अर्धा तेंनी. दोन उतरणी आसत ना? नि बिगीन करा, माजे बाबा, वारो फिरलोहा.”

खाडीकडची उतरण आमची, पत्र्याची. अंगणाकडची त्यांची, कौलांची. मोभाला पाठ लावून दोन्हीकडं असं काम सुरू झालं की बघायला अख्खं बेट जमलं. आमचा शेवटचा पत्रा आणि त्यांचं शेवटचं कौल लागलं तेव्हा काळोखून आलं होतं आणि साहेबांच्या दोन होड्या धक्क्याला लागत होत्या.

साहेब तरुण होते, भले होते. भिजत सगळ्या वाड्या फिरले. प्रत्येक घराच्या दारातून आत बघून “छान, छान” म्हणत होते. पाऊस आता तिरका आणि जोरात यायला लागला होता. शेवटी ते मावशीच्या घरात आले. मावशीनं चूल पेटवून चहा ठेवला होता. आम्ही सगळे पडवीत दाटीनं उभे. साहेब म्हणाले, “वा आजी, तुमचंही झालं म्हणायचं.”

आणि वरून धार लागली. थेट चुलीवर. चूल फस्सकन विझली. मग दुसरी धार, मग तिसरी, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी मोभाच्या रेषेत.

मी वर बघितलं. दोन उतरणी जिथं भेटतात तिथं, मोभावर, झाकायला काहीच नव्हतं. मावशीच्या जुन्या झावळ्या तिथं होत्या, त्या वाऱ्यानं गेल्या आणि उघडं आभाळ दिसायला लागलं. आमचा पत्रा मोभाच्या अलीकडं संपला होता. त्यांची कौलं मोभाच्या पलीकडं संपली होती.

“मधलं झाकायचं काम त्यांचं होतं,” मी म्हणालो.

“त्यांचं होतं,” दिनकर म्हणाला.

साहेबांनी मान खाली घातली. “आजी, वाईट वाटतं, पण नियम सगळ्यांना एकच. एका रात्रीत भिंती धरणार नाहीत, तुमच्या अंगावर येतील. होडी परत येणार नाही. चला.”

मावशी उठली नाही. तिनं ओल्या चुलीतलं लाकूड काढून बाजूला ठेवलं. पाणी भिंतीच्या आतल्या बाजूनं उतरायला लागलं होतं आणि लाल ओघळ जमिनीवर येत होता. तिनं आम्हा दोघांकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर चतुराई नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं.

“कोण जिकलो रे?” तिनं विचारलं. “माझा घर हरला.”

मी साहेबांना काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक “थांबा” म्हणालो. बाहेर पडलो, उरलेला पत्रा उचलला आणि शिडीला पाय लावला. पलीकडं दिनकर कौलांवरून चढत होता, दातांत खिळे धरून. कौलांचे कोने, मोभावर घालायची ती बाकदार कौलं, पत्र्यावर बसणार नाहीत आणि माझी पत्र्याची पट्टी कौलांवर बसणार नाही, हे दोघांनाही वर चढताक्षणी कळलं. मोभावर दोन्हीकडं पाय टाकून आम्ही समोरासमोर बसलो. गुडघ्याला गुडघा लागत होता. वर तिसरं कोणी नव्हतं.

“वाकव तो पत्रा मधनं,” दिनकर म्हणाला. “मी खाली पट्टी घालतो लाकडाची, कौलाच्या उंचीला येईल.”

“धर मग.”

“धरलाय.”

“हात काढ, हातोडा लागंल.”

“लागू दे. मार तू.”

मी मारला. वारा पत्र्यात शिरून तो आमच्या हातातून हिसकत होता. दिनकर त्यावर छातीनं आडवा झाला. पत्र्याची धार त्याच्या तळव्यात गेली, रक्त पावसाबरोबर कौलांवरून वाहत होतं, तरी त्यानं सोडला नाही. खालून चंदर आणि हौदवाल्यांचा एक गडी पुढचा पत्रा वर देत होते. एक ठोकला, सरकलो. दुसरा ठोकला, सरकलो. माझ्या मनात एकच होतं: त्या लाल ओघळानं थांबायला पाहिजे.

“बसला का?” मी ओरडलो.

“तुझ्याकडनं दाब! आणखी! बसला!”

आम्ही दोघं तसेच पत्र्यावर पालथे पडून राहिलो, श्वास रोखून. पावसाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मग खालून मावशीचा आवाज आला. आवाज नव्हे, किंकाळीच.

“थांबला! अरे, थांबला रे!”

पडवीत जो गलका उठला तो अजून माझ्या कानात आहे. खाली उतरलो तर साहेब घराच्या मधोमध हात पसरून उभे होते. वरून हातावर एक थेंब पडत नव्हता. ते म्हणाले, “आजी, तुम्ही राहा.” आणि आमच्याकडं वळले. “तुम्ही मात्र ताबडतोब चला. खाडी चढतेय.”

बेटावरच्या माणसांना न्यायला आलेल्या त्या दोन होड्यांतून शेवटी आम्हीच निघालो. दोन्ही तालमी मिसळून बसल्या होत्या, कोण कुणाचा ते बघायला वेळच नव्हता. दिनकरच्या हाताला मी माझा टॉवेल बांधला. धक्क्यावर दोन्ही वाड्या भिजत उभ्या होत्या आणि हात हलवत होत्या. म्हाताऱ्या, बाया, पोरं, सगळे होते. आनंदीमावशी नव्हती.

दिनकर मान लांब करून तिला शोधत होता. “बघ की जोत्या,” तो म्हणाला, “निरोप द्यायला सुद्धा आली नाही म्हातारी.”

मी उंचवट्याकडं बघितलं. पावसातून तिचं घर दिसत होतं, अर्धा पत्रा, अर्धी कौलं. दार लावून घेतलेलं होतं.

“कशाला येईल?” मी म्हणालो. “घरात हाय ती.”